बडोद्यातला पाऊस आणि मॉडेलचा अंदाज: सहा पावसाळ्यांची वही आहे, पुढे काय करू?

कारेलीबागकर | ६ जुलै, रात्री ९:५०

मंडळी, २०१९ चा ३१ जुलै बडोदेकरांना वेगळा सांगायला नको, चोवीस तासांत जवळजवळ पाचशे मिमी पाऊस. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी स्कूटर हँडलपर्यंत पाण्यात होती आणि सकाळी मी मोबाइलवर बघून निघालो होतो तेव्हा तिथे ढग आणि दोन थेंबांचं चित्र होतं. त्या दिवसापासून डोक्यात बसलंय की हा अंदाज नेमका किती चुकतो हे मोजायचंच. पुढच्या वर्षी अगाशीवर पर्जन्यमापक लावला (बडोद्यात गच्चीला आम्ही अगाशीच म्हणतो), रोज सकाळी साडेआठला वर जातो, किती मिमी ते वहीत लिहितो आणि शेजारी आदल्या रात्री मोबाइलवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी बडोद्याचा काय अंदाज होता तेही लिहितो. सहा पावसाळे पूर्ण झाले.

वही चाळली की दोन गोष्टी दिसतात. एक, मोठ्या पावसाच्या दिवशी तिन्ही ठिकाणचे आकडे फार कमी असतात आणि कोरड्या दिवशी मात्र रोज थोडाथोडा, दोन-तीन मिमी पाऊस दाखवत राहतात. दुसरं म्हणजे एक मॉडेल (संगणकावर हवेचं गणित मांडून अंदाज काढतात ते) सतत एक दिवस उशिरा पाऊस दाखवतं, म्हणजे पाऊस पडतो मंगळवारी आणि त्याचा अंदाज बुधवारच्या रकान्यात. हे माझं निरीक्षण आहे, सहा वर्षांचं आहे, पण याचं करायचं काय ते कळत नाही. या वहीतून आपल्या गावापुरता अंदाज सुधारता येईल का? इथे हवामानातली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतोय.

पागोळी | ६ जुलै, रात्री १०:१५

सहा वर्षं रोज, न चुकता? कमाल आहे. मी दांडिया बजारला, आमच्याकडे चारी दरवाज्यांच्या बाजूला पाणी भरतं की नाही एवढ्यावरच पावसाचं माप ठरतं. मला एक बेसिक शंका आहे, ॲपमध्ये ६०% लिहितात ते ६०% म्हणजे काय? बडोद्याच्या ६०% भागात पडणार, की दिवसातला ६०% वेळ पडणार, की ६०% जोरात?

समाकिनारा | ६ जुलै, रात्री ११:०२

आम्ही समाला, विश्वामित्री नदीपासून चालत दहा मिनिटं. आमचं दुःख वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ ला आमच्याकडे पाऊस ओसरला होता तरी पाणी चढत राहिलं, धोक्याची पातळी २५ फूट आणि नदी ३५ च्या वर गेली होती. पावसाचा इशारा होताच की, तो काही चुकला नव्हता, पण बडोद्याच्या पावसाचा आकडा बघून आमच्या दारात पाणी येणार का हे कळतच नाही. कारेलीबागकर, तुमच्या वहीत याचं उत्तर कसं मिळणार?

पश्चिमवारा | ७ जुलै, सकाळी ७:३०

मी मूळची बडोद्याची, निझामपुऱ्यात शाळा झाली, आता पुण्यात असते आणि मॉडेलचा पाऊस आणि प्रत्यक्ष पाऊस यांची तुलना हेच माझं रोजचं काम. कारेलीबागकर काका, वही वाचून खरंच आनंद झाला कारण लोक तक्रार करतात पण लिहून कोणी ठेवत नाही, आणि लिहून ठेवल्याशिवाय सुधारणा कुठून सुरू करायची तेच कळत नाही. सगळ्यांचं एकत्र सांगायचा प्रयत्न करते, लांब होईल.

आधी काकांच्या "एक दिवस उशीर" बद्दल, कारण मला त्यात मॉडेलची चूक वाटत नाहीये. तुम्ही सकाळी साडेआठला मोजता ते अगदी बरोबर, हवामान खात्याचा पावसाचा दिवससुद्धा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असाच असतो. पण ॲपमधला दिवस रात्री बारा ते बारा असतो. समजा पाऊस मंगळवार संपून बुधवार उजाडायच्या आत, पहाटे दोन ते पाच पडला. ॲपने तो बुधवारात दाखवला, बरोबरच आहे. तुम्ही बुधवारी सकाळी मोजला आणि "कालचा पाऊस" म्हणून मंगळवारच्या ओळीत लिहिला. मग वहीत मंगळवारी अंदाज शून्य पाऊस तीस, आणि बुधवारी अंदाज तीस पाऊस शून्य. एकही चूक न करता मॉडेल दोनदा नापास. त्यात गुजरातमध्ये तालुकावार आकडे येतात ते सकाळी सहा ते सहा असतात आणि पेपरात इंचात छापतात, म्हणजे तिसराच दिवस आणि तिसरंच माप. तेव्हा पहिलं काम, दिवसाचा एकच आकडा न घेता तासातासाचा अंदाज घ्या आणि साडेआठ ते साडेआठ असा बेरजेत जुळवा. तुमच्या बाकीच्या दोन ठिकाणी असं होत नसेल तर ती कदाचित चोवीस तासांची बेरीज वेगळ्या वेळेपासून देत असतील, तेही तपासा.

पागोळी ताई, ६०% म्हणजे यातलं काहीच नाही. आजच्यासारखी परिस्थिती दहा वेळा आली तर त्यातल्या सहा वेळा त्या जागी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाऊस पडेल, एवढाच अर्थ. हा आकडा येतो कुठून तर मॉडेल एकदाच न चालवता सुरुवातीच्या स्थितीत बारीकबारीक बदल करून पुन्हा पुन्हा चालवतात. आपल्याकडे २०१८ पासून २१ प्रतींचा असा संच रोज चालतो, युरोपियन हवामान केंद्राचा ५१ प्रतींचा आहे. ५१ पैकी ३० जणांनी पाऊस दाखवला तर साधारण ६०%. आता हा आकडा खरा आहे का हे एका दिवसावरून कधीच ठरत नाही, ज्या ज्या दिवशी ६०% सांगितलं ते सगळे दिवस बाजूला काढायचे आणि त्यातल्या साठ टक्क्यांच्या आसपास पाऊस पडला का बघायचं. हे काम वहीशिवाय होत नाही, म्हणून तर काकांची वही सोन्यासारखी आहे.

समाकिनारा, तुमचं नंतर लिहिते, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि घाईत नको.

कारेलीबागकर | ७ जुलै, दुपारी १:२०

अहो ताई, जेवायच्या सुट्टीत वही उघडून बसलो. तुमचं बरोबर आहे. मी प्रत्येक वाचन "कालचा" म्हणून आदल्या तारखेलाच लिहिलंय, सहाही वर्षं. रात्रीच्या पावसाचे दिवस वेगळे काढले तर ते "उशिराचं" मॉडेल बऱ्याच दिवशी बरोबर निघतंय. आणि मी घरात सगळ्यांना सांगत होतो की ते वापरू नका म्हणून. आज संध्याकाळी सगळ्यांना फोन करून सांगतो. बाकी दोन ठिकाणी सकाळी साडेपाच ते साडेपाच धरतात असं दिसतंय, तेही जुळवून घेतो.

पण थोडाथोडा रोजचा पाऊस आणि मोठ्या दिवशीचा कमी आकडा, ते तरी खरं ना?

पश्चिमवारा | ७ जुलै, रात्री ८:४५

ते अगदी खरं आहे आणि जगभरच्या मॉडेलांचा तो जुना दोष आहे. पावसाचा ढग उभा राहतो तो काही किलोमीटर रुंदीचा, आणि आपलं जागतिक मॉडेल बरीच वर्षं १२ किमीच्या चौकोनांवर चालत होतं, म्हणजे अख्खं बडोदं दोन-तीन चौकोनांत. कारेलीबाग आणि मांजलपूर त्याच्या दृष्टीने जवळपास एकच. चौकोनापेक्षा ढग लहान असला की मॉडेलला तो दिसतच नाही, मग चौकोनातली उष्णता आणि ओल बघून एका सूत्राने "इथे इतका पाऊस पडला असावा" असं ठरवलं जातं. हे सूत्र लवकर चालू होतं, ऊन तापलं की दुपारी बारा-एकलाच पाऊस पाडून मोकळं होतं आणि जोर गोळाच होऊ देत नाही. प्रत्यक्षात आपल्याकडे ढग वाढत वाढत संध्याकाळी फुटतो. म्हणून रोज दोन-तीन मिमी, आणि मोठा दिवस मात्र हुकतो.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं भारत फोरकास्ट सिस्टम हे नवं मॉडेल सुरू झालं, त्याचे चौकोन ६ किमीचे. हे मोठं पाऊल आहे, त्याआधी सप्टेंबर २०२४ ला पुण्याला अर्का आणि नोएडाला अरुणिका हे महासंगणक आले त्यामुळे जमलं. पण ६ किमीतही ढग अर्धाच दिसतो, सूत्राची गरज पूर्ण संपत नाही.

दुसरी अडचण सुरुवातीच्या स्थितीची. मॉडेल कितीही बारीक केलं तरी आत्ता हवा कशी आहे हे त्याला बाहेरून सांगावं लागतं. वरच्या हवेचं तापमान, ओल मोजायला फुगे सोडतात, आपल्याला सगळ्यात जवळचा अहमदाबादहून सुटतो, तोही दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. आपला पाऊस येतो अरबी समुद्रावरून किंवा मध्य प्रदेशातून सरकत आलेल्या कमी दाबातून, आणि समुद्रावर फुगे नाहीत, तिथे उपग्रहावर भिस्त. इन्सॅट-३डीएस उपग्रह २०२४ च्या फेब्रुवारीत अवकाशात गेला, त्याने आणि आधीच्या भावंडांनी ढगांचा माथा छान दिसतो, पण ढगाखाली किती ओल आहे हे कळणं जास्त कठीण. अंदाजातली कितीतरी चूक इथेच पेरलेली असते.

शून्यअंश | ७ जुलै, रात्री ९:३०

हे सगळं मान्य पण आता एआय मॉडेल आलीत ना. गुगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट, हुआवेचं पांगू, दोन्ही २०२३ ची, युरोपियन केंद्राने तर स्वतःचं एआय मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या वापरात घेतलं. मिनिटाभरात दहा दिवसांचा अंदाज. २०२५ ला कृषी मंत्रालयाने ३.८ कोटी शेतकऱ्यांना एआयच्या आधाराने मान्सून कधी येणार ते एसएमएसने कळवलं, आणि केरळात २४ मेला आलेला पाऊस मध्येच अडकणार हेसुद्धा त्यात आधी दिसलं होतं. मग वही, नरसाळं, साडेआठ हे सगळं कशाला, पाच वर्षांत हा प्रश्न राहणारच नाही असं मला मनापासून वाटतं.

पश्चिमवारा | ७ जुलै, रात्री १०:२०

शून्यअंश दादा, मलाही या मॉडेलांबद्दल खूप आशा आहे, मान्सूनच्या आगमनाचं काम खरंच चांगलं झालं. पण ती शिकली कशावर ते बघा. बहुतेक सगळी ईआरए५ नावाच्या साठ्यावर शिकलीत, १९४० पासूनची जगभरची तासातासाची हवा, साधारण ३१ किमीचे चौकोन. वारा, तापमान, दाब यासाठी तो साठा फार उत्तम आहे. पाऊस मात्र त्यात मोजलेला नाहीये, जुन्या पद्धतीच्या मॉडेलनेच पाडलेला आहे, आपल्याकडच्या पर्जन्यमापकांचे आकडे त्यात थेट जात नाहीत. म्हणजे विद्यार्थी हुशार आहे पण पाठ्यपुस्तकातच पाऊस पसरट लिहिलेला. शिवाय सरासरी चूक कमीत कमी करायची असं शिकवलं की मॉडेल सावध होतं, खात्री नसली की सगळीकडे थोडंथोडं वाटून टाकतं, पाचशेचा दिवस त्यातून येणं फार अवघड.

आणि त्या मान्सूनच्या कामातही जुन्या मोजलेल्या पावसाच्या नोंदींचा आधार घेतलाच होता. भारताकडे १९०१ पासूनचा, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांवरचा रोजचा पाऊस आहे, देशभरातल्या ६९५५ मापकांच्या नोंदींवरून बांधलेला. ते साडेआठला उठून मोजणारे लोक नसते तर एआयला शिकवायला काय होतं?

पादऱ्याचं शेत | ८ जुलै, पहाटे ५:५०

वाचतोय दोन दिवस. माझं शेत पादऱ्याकडे, कापूस आणि तूर. मला किती मिमी पडणार याच्याशी घेणं नाही, मला फवारणीनंतर पाच-सहा तास कोरडे मिळतील का एवढंच हवं असतं. परवा ॲपवर ३०% बघून फवारलं, दीड तासात सर आली, औषध आणि मजुरी दोन्ही धुऊन गेलं. ३०% म्हणजे पडणार नाही असंच मी धरलं होतं. आता तुम्ही म्हणता दहातल्या तीन वेळा पडतो. मग मी कधी फवारायचं?

पश्चिमवारा | ८ जुलै, सकाळी ८:००

नुकसान झालं ते वाचून वाईट वाटलं. दादा, याला एक सोपा हिशेब आहे. थांबण्याचा खर्च किती आणि न थांबता पाऊस आला तर नुकसान किती, या दोघांचा भागाकार करा. समजा फवारणी एक दिवस पुढे ढकलल्याने कीड वाढून तुमचं हजाराचं नुकसान होतं आणि धुऊन गेली तर चार हजारांचं. हजार भागिले चार हजार, म्हणजे २५%. शक्यता २५% च्या वर असेल तर थांबा, खाली असेल तर फवारा. तुमचा आकडा तुम्हीच ठरवायचा, शेजाऱ्याचा वेगळा असू शकतो. समाकिनारा यांचं उलट आहे, गाडी पार्किंगमधून काढून उंच जागी नेऊन लावायला तासभर मोडतो पण बुडाली तर लाखाचं नुकसान, त्यामुळे त्यांनी ५% ला सुद्धा हलावं. म्हणून मला "पडेल" किंवा "नाही पडणार" असं एका शब्दात सांगणारा अंदाज आवडत नाही, तो शेतकऱ्याचा आणि नदीकाठच्याचा दोघांचा निर्णय स्वतःच घेऊन टाकतो.

पण हे तेव्हाच चालतं जेव्हा ३०% खरोखर ३०% असतो.

पागोळी | ८ जुलै, सकाळी ११:१०

हे मला पहिल्यांदा नीट कळलं. मग काकांच्या वहीवरून ॲपला मार्क कसे द्यायचे? माझी मुलगी नववीत आहे, तिला सुट्टीत करायला देते.

पश्चिमवारा | ८ जुलै, रात्री ९:१५

तिला करू द्याच, आवडेल. ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सुचवलेली पद्धत आहे. शक्यता दशांशात लिहायची, पाऊस पडला तर १ नाही पडला तर ०, दोघांची वजाबाकी करून वर्ग. ७०% सांगितलं आणि पडला, ०.७ वजा १, वर्ग ०.०९. ७०% सांगितलं आणि नाही पडला तर ०.४९. सगळ्या दिवसांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं. रोज डोळे मिटून ५०% सांगणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतात, तेव्हा त्याच्याही वर गेलं तर त्या अंदाजाचा काही उपयोग नाही. आधी "पाऊस पडला" म्हणजे किती ते ठरवा, खात्यात २.५ मिमी किंवा जास्त झाला तर तो पावसाचा दिवस धरतात, तेच घ्या.

मात्र "किती टक्के दिवस बरोबर आलं" असं मोजू नका. अमेरिकेत १८८४ मध्ये सैन्यात काम करणाऱ्या फिनली नावाच्या माणसाने टॉर्नेडोचे २८०३ अंदाज दिले आणि ९६.६% बरोबर आले असं जाहीर केलं. लोकांनी हिशेब केला की टॉर्नेडो मुळात ५१ वेळाच आला होता, म्हणजे "येणार नाही" असं रोज म्हटलं असतं तरी ९८.२% मिळाले असते. आणि फिनलीने १०० वेळा "येणार" म्हटलं त्यातले २८ खरे आले, ते काम तर खरंच कौतुकाचं होतं पण टक्केवारीत ते दिसेनासं झालं. मुसळधार पावसाचं तसंच आहे. खात्याच्या व्याख्येत ६४.५ मिमीच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार, असे दिवस बडोद्यात मोजके. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता करा, किती वेळा सांगितला आणि आला, किती वेळा सांगून नाही आला, किती वेळा न सांगता आला. "न सांगता नाही आला" हा रकाना सोडून द्या.

काळाघोडा | ९ जुलै, सकाळी १०:००

माझं वय झालं, लिहायला वेळ लागतो, पण राहवलं नाही. माझे वडील सयाजीगंजात राहायचे, त्यांच्याकडे पितळी मापक होता आणि ते इंच-सेंटमध्ये लिहीत, शंभर सेंट म्हणजे एक इंच. अशा चार वह्या माझ्याकडे आहेत, सत्तरच्या दशकातल्या. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला ऊन दाखवतो. कोणाला उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. होईल का हो ताई?

पश्चिमवारा | ९ जुलै, दुपारी १:३०

काका, होईल का म्हणून काय विचारता! आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आजच. एक सेंट म्हणजे ०.२५४ मिमी, बदलणं सोपं आहे. त्यातून कळेल की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बडोद्यात मुळातच किती दिवस पाऊस असतो. कुठलाही अंदाज यापेक्षा चांगला असला तरच त्यात काही कसब आहे असं म्हणायचं. हा पाया मिळणं फार अवघड असतं.

आता कारेलीबागकर काकांचा मूळ प्रश्न, अंदाज सुधारायचा कसा. मॉडेलच्या सहा वर्षांच्या आकड्यांची लहान ते मोठी अशी रांग लावा, वहीतल्या आकड्यांची तशीच. मग क्रमाने जोड्या लावा. मॉडेलचे खालचे कितीतरी दोन-तीन मिमी वहीतल्या शून्यासमोर येतील, म्हणजे पुढे मॉडेलने दोन म्हटलं तर शून्य वाचायचं. वर जाल तसं मॉडेलच्या चाळीससमोर तुमचे सत्तर असतील, मग चाळीस दिसले की सत्तर धरायचे. एवढ्यानेही रोजच्या वापरात मोठा फरक पडतो, मी स्वतः करून बघितलंय.

पण तीन गोष्टींत ही युक्ती हात टेकते. मॉडेलने पाऊस भलत्याच दिवशी टाकला असेल तर रांग लावून तो दिवस बदलत नाही. रांगेच्या अगदी टोकाला तुमच्याकडे दोन-तीनच दिवस असणार, त्यावरून पाचशेचा दिवस ताणून काढणं धोक्याचं आहे. आणि मॉडेल बदललं की जुनी दुरुस्ती बाद, १२ किमीच्या मॉडेलचा स्वभाव ६ किमीच्या मॉडेलला लागू नाही. म्हणूनच नवीन मॉडेल आलं की ते मागच्या वर्षांवर पुन्हा चालवून बघावं लागतं, त्यात संगणकाचा केवढा तरी वेळ जातो आणि बाहेर कोणाला ते काम दिसत नाही. काका, वहीत मॉडेल कधी बदललं त्या तारखेला लाल रेघ मारा.

आणि एक विचारायचं राहिलं, अगाशी कितव्या मजल्यावर?

कारेलीबागकर | ९ जुलै, रात्री ९:००

चौथ्या. का?

पश्चिमवारा | ९ जुलै, रात्री ९:१०

वारा. उंचावर वारा मापकाच्या तोंडावरून थेंब उडवून नेतो आणि माप कमी येतं, जितका वारा जास्त तितकं जास्त कमी. आपल्याकडचा नियम असा की मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर असावं आणि झाड, भिंत जे काही असेल ते त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर तरी असावं. अगाशीचा मापक काढू नका, पण खाली मोकळ्या जागेत दुसरा लावा आणि हा पावसाळा दोन्ही लिहा, फरक कळेल आणि जुनी वर्षंही थोडी सुधारता येतील.

समाकिनारा, आता तुमचं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, सूर्या नदीवर आजवा धरण, आणि हे सगळं पाणी शहराच्या वरच्या अंगाला गोळा होऊन तुमच्याकडे येतं. २०२४ ला ते डीप डिप्रेशन (कमी दाबाचं तीव्र क्षेत्र) जमिनीवरून इतकं सावकाश सरकलं की सगळ्या पाणलोटावर दिवसचे दिवस पाऊस राहिला, मग ते कच्छवरून समुद्रात गेलं आणि ३० ऑगस्टला त्याचं असना चक्रीवादळ झालं. त्यामुळे तुम्ही बडोद्याचा आकडा न बघता हालोल, वाघोडिया, आजवा या सगळ्या पट्ट्यातला तीन दिवसांचा एकत्र पाऊस बघा. त्यात एक चांगली बातमीही आहे, एका गल्लीत किती पडेल हे मॉडेलला जमत नाही पण अख्ख्या पाणलोटावर तीन दिवसांत किती पडेल हे त्याला बरंच चांगलं जमतं. समजा मॉडेलने ढग डभोईवर टाकला आणि पडला बडोद्यात, तीस किलोमीटर इकडे. ठिपक्या ठिपक्याने मार्क दिले तर बडोद्यात हुकला आणि डभोईत खोटा निघाला असे दोन गुन्हे. जे मॉडेल सगळीकडे दहा-दहा मिमी शिंपडतं त्याला उलट कमी शिक्षा. म्हणून आता दहा, वीस, पन्नास किमीच्या परिघात बघून मार्क देतात, किती अंतरावर अंदाज भरवशाचा होतो ते त्यातून कळतं. तुमच्यासाठी तोच परीघ कामाचा आहे.

समाकिनारा | ९ जुलै, रात्री ११:४०

दोनदा वाचलं. हे आम्हाला आधी कोणी असं सांगितलं नव्हतं. हालोलला माझा मावसभाऊ आहे, त्याला मापक लावायला सांगतो.

पागोळी | १० जुलै, दुपारी ४:००

मुलगी आणि मी मंगळबाजारात जाऊन १६ सेंमी तोंडाचं नरसाळं घेऊन आलो. तिने हिशेब केला, त्रिज्या ८, तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंमी, म्हणजे २० मिली पाणी साठलं की १ मिमी पाऊस. खाली पाच लिटरचा कॅन ठेवला. बरोबर आहे ना?

पश्चिमवारा | १० जुलै, संध्याकाळी ६:२०

एकदम बरोबर, खात्याच्या मापकाचं तोंडही २०० चौरस सेंमीचं असतं. फक्त कॅन दहा लिटरच्या वरचा घ्या. २०१९ सारखा दिवस आला तर पाचशे गुणिले वीस, दहा लिटर पाणी येईल, आणि नेमकं त्याच दिवशी कॅन भरून पाणी बाहेर सांडायला नको. नरसाळ्याच्या काठाला वरून पट्टी गुंडाळून उभी कड करा म्हणजे थेंब बाहेर उडणार नाहीत.

शून्यअंश | १० जुलै, रात्री १०:००

माझी सुरुवातीची पोस्ट जरा घाईची होती. मी वाघोडिया रोडला आहे, मीही लावतो. आणि सगळ्यांचे आकडे एका शीटमध्ये घालून रोजच्या अंदाजाशी जुळवायचं काम माझ्याकडे द्या, प्रोग्राम मी लिहितो, वेळ साडेआठ ते साडेआठच.

कारेलीबागकर | १६ जुलै, सकाळी ९:०५

आजचं, १५ ला साडेआठ ते १६ ला साडेआठ. कारेलीबाग अगाशी ३८, कारेलीबाग खाली ४२. दांडिया बजार २९. वाघोडिया रोड ५१. हालोल ६४. कालचा अंदाज बडोद्याला ११ मिमी, शक्यता ७०%. पादऱ्याचं काही आलं नाही, तो रकाना रिकामा ठेवलाय.

पश्चिमवारा | १६ जुलै, सकाळी ९:३०

वरच्या आणि खालच्या मापकात चार मिमीचा फरक, बघा. पण पादऱ्याचा रकाना रिकामा म्हणजे मोजलं नाही की पडला नाही? दादा, शून्य असेल तर शून्य लिहून कळवा, रिकामं आणि शून्य हे प्रोग्रामला एकच वाटलं तर सगळा हिशेब बिघडेल.

पादऱ्याचं शेत | १६ जुलै, सकाळी १०:१५

शेतावर होतो, नेटवर्क नव्हतं. साडेआठला मोजलं, नरसाळं कोरडं होतं, आत धूळ होती तीही पुसली. ०.० लिहा. काल दुपारी फवारणी पण झाली.